बोटावरची रेस

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गाडीचं दार लावणं. ड्रायव्हरच्या बाजूचं ते दार एकट्यानं लागत नाही. आतल्या माणसानं कडी धरून ओढायचं आणि बाहेरच्यानं त्याच दमात गुडघ्यानं दाबायचं. बायको आतून ओढत होती, मी बाहेरून गुडघा लावला.

"लागलं काय वं?"

"लागलं. तुमचा गुडघा राह्यला का गेला?"

"हाये अजून."

"मंग बसा इकून. पौर्णिमा आली तोंडावर अन् तुम्ही दारातच उभे."

मी बोनेटला वळसा घालून डाव्या बाजूनं आत बसलो. दुपारची वेळ. कापूस वेचणाऱ्या बाया बांधावर भाकरी सोडून बसल्या होत्या. त्यानंतर जे झालं ते अजून माझ्या डोक्यात शिरत नाही. कोणी विचारलं की मी सांगतो, पण सांगताना मलाच खरं वाटत नाही. म्हणून लिहून पाहतो. मी चौथीपर्यंत शिकलो. पुढचं शिक्षण नांदुऱ्याला उस्तादाच्या हाताखाली, ट्रकाच्या पोटाखाली झोपून. मुलगी म्हणाली, बाबा, जसं बोलता तसं लिहा. तसंच लिहितो.

आधी गाडीचं सांगावं लागेल. पूर्वी साहेब लोक जिच्यात फिरायचे ती फुगीर बोनेटची, गोल दिव्यांची गाडी. नांदुऱ्याच्या एका जिनिंगवाल्या शेठच्या गोदामात ती पडून होती आणि कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या. शेठ म्हणाला, ने ओढून, जागा तरी मोकळी होईल. मी बैल जुंपून ती आमच्या गावी, वडनेरला आणली आणि वर्षभर खपून चालती केली. तिचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर आहे. माझी बायको अंगणवाडी सेविका होती, दहावी शिकलेली, माझ्यापेक्षा शहाणी. ती म्हणाली, मला शिकवा. मी पांदणीत शिकवली. पांदण म्हणजे आमच्याकडे शेतांच्या मधून जाणारी गाडीवाट. बाई गाडी चालवते म्हणून लोक बांधावर येऊन उभे राहायचे. ती हॉर्न वाजवून ओरडायची, "पाहा लेको, फुकट हाये, तिकीट नाई!"

मग तिला साखरेची बिमारी, मधुमेह लागला. उजव्या पायाच्या बोटाला काटा लागला, ते चिघळलं, आणि शेवटी अकोल्याला घोट्यापासून पाऊल काढलं. पाऊल काढलं तेव्हा ती रडली नाही. रडली ती पौर्णिमेला. आम्ही बौद्ध माणसं, पौर्णिमेला विहारात वंदना असते. चार पोरांनी तिला खुर्चीसकट उचललं आणि विहारात नेऊन ठेवलं. पोरं चांगलीच. त्यातला एक म्हणाला, "मावशी, वजन वाढलं वाटते." तीपण त्यांच्याबरोबर हसली. घरी आल्यावर मात्र पदर तोंडावर घेऊन बसली.

"मले पुन्हा पोत्यासारखं उचललं त पाह्यजा," ती म्हणाली. "मी माही जाईन. विहाराच्या दारापर्यंत गाडी नेईन, अन् कुबडी घेऊन आत जाईन."

"मी नेतो ना चालवत," मी म्हणालो.

"तुम्ही नेलं त तेच झालं. उचलूनच नेलं."

दुसऱ्या दिवशी मी कामाला लागलो.

ब्रेकचं सोपं होतं. ब्रेकच्या पायडलला लोखंडी पाइप जोडला आणि तो स्टिअरिंगच्या उजव्या बाजूनं वर काढला. पुढं ढकलला की ब्रेक. क्लचला तिचा डावा पाय शाबूत होता. राहिली रेस. रेस म्हणजे ॲक्सिलेटर, आम्ही गॅरेजवाले रेसच म्हणतो. ट्रॅक्टरला हाताची रेस असते, तशी मी तार आणि दांडी लावून दिली. ती दोन वेळा बसली आणि नको म्हणाली. एक तर ती तार घट्ट. साखरेनं तिची बोटं बधिर झाली होती, जोर लागत नव्हता. आणि दुसरं, ट्रॅक्टरची रेस जिथं ठेवली तिथंच राहते. हात काढला तरी इंजिन पळतच असतं.

नांदुऱ्याला एक कॉम्प्युटरवाला आहे. पूर्वी त्याचं इंटरनेटचं दुकान होतं, पोरं तासावर गेम खेळायची. घरोघरी मोबाइल आले आणि दुकान बसलं. आता तो लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करतो. त्याची मोटरसायकल माझ्याकडे यायची. रेसची अडचण त्याला सांगितली तर तो हसला.

"काका, नव्या गाड्यांत तार असतेच कुठं? पाय दाबला का नुसता करंट जाते. तो करंट पाहून छोटी मोटर इंजिनात हवा सोडणारी पडदी उघडते."

"अन् पायाले इंजिन लागत नाई?"

"नाई."

"म्हणजे पायाचा अन् इंजिनाचा काई संबंधच नाई?"

"करंटचा हाये ना."

मला धक्का बसला. जन्मभर मी तारा बदलल्या, दांड्या सरळ केल्या, आणि लोक पायाखाली काही नसताना शंभरच्या वेगानं जाऊन राहिले होते! त्यानं मागच्या खोलीतून एक पोतं ओढून आणलं. त्यात मेलेले कॉम्प्युटर, वायरी, एक जुना प्रिंटर, आणि पोरं विमानाचा गेम खेळायची तो दांडा. "घ्या, माही अडगळ कमी होईल," म्हणाला.

ते पोतं आम्ही दोघांनी अंगणात सोडलं. तिच्या एका बाजूला तुरीच्या शेंगा, दुसऱ्या बाजूला कॉम्प्युटर. शेंगा सोलून झाल्या की ती स्क्रू काढायची. तिचे डोळे माझ्यापेक्षा चांगले होते. एका डिस्कमधून असं लोहचुंबक निघालं की दोन्ही हातांनी ओढलं तरी पातेल्यापासून सुटेना. तिनं ते स्वयंपाकघरातल्या पत्र्याला चिकटवलं आणि चमचे टांगले.

कॉम्प्युटरवाल्यानं जोडणी करून दिली. गेमच्या दांड्याच्या पोटात एक गोल पुर्जा असतो, रेडिओचा आवाज कमी-जास्त करायच्या बटणासारखा. बोट किती हललं ते तो पुर्जा सांगतो. तो आम्ही एका बोटाच्या पट्टीला जोडला आणि ती पट्टी ब्रेकच्या पाइपाच्या टोकावर बसवली. प्रिंटरमध्ये कागद सरकवणारी मोटर असते, ती कार्बोरेटरच्या पडदीला लावली. या दोघांच्या मध्ये बोटाएवढी हिरवी सर्किटची पट्टी. तिच्यात काय करायचं ते त्यानं भरून दिलं. इंजिनाजवळ ती तापू नये म्हणून कॉम्प्युटरचाच पंखा लावला. बोट हललं की पडदी हलायची. जसं बोट, तसं इंजिन. पहिल्या दिवशी मी बोनेटपाशी उभा राहून पाहतच राहिलो.

दुसऱ्या दिवशी ती बसली असताना वायर निसटली.

मोटरचे बारके दाते मी तसेच ठेवले होते. मला वाटलं होतं, मोटर जशी उघडते तशी बंदही करेल. पण करंटच गेला, मग बंद कोण करणार? मोटर होती तिथं थांबली, दात्यांनी पडदी धरून ठेवली, आणि इंजिन अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं किंचाळायला लागलं. अंगणातल्या कोंबड्या छपरावर. मी वायर शोधतोय तोवर तिनं चावी बंद केली होती. गाडी गिअरमध्ये नव्हती म्हणून वाचलो.

ती खाली उतरली नाही. तिथंच बसून म्हणाली, "आता नीट ऐका. तार तुटो, करंट जावो, माही साखर उतरून मले चक्कर येवो, काई झालं तरी सोडलं का उतरलं पाह्यजे. नाई त मी या गाडीत बसत नाई."

तिचं बरोबर होतं. मी दाते काढून फेकले. मोटर सरळ दांडीवर बसवली आणि पडदीला गाडीच्या जुन्या दोन स्प्रिंगा लावल्या, एक तुटली तर दुसरी असावी म्हणून. आता उघडायचं काम मोटरचं, बंद करायचं काम स्प्रिंगांचं. करंट गेला की स्प्रिंगा ओढणारच. ती मोटर दोन स्प्रिंगांपुढं टिकेना, मग कॉम्प्युटरवाल्यानं एका जुन्या पतपेढीतल्या, खरखर करत पासबुकं छापणाऱ्या प्रिंटरची दणकट मोटर आणून दिली. ती मोटर बरोबर बसली.

मग तिनं मला पिडलं. बोट दाबायची, इंजिन वर गेलं की एकदम सोडायची. "उतरलं काय?" "उतरलं." "पुन्हा." मी वायर उपटायचो, ती दाबायची. "उतरलं काय?" "हाव वं, उतरलं." "पुन्हा." पांदणीत चालवायला लागली तेव्हाही तेच. मध्येच बोट सोडायची, गाडी दबायची, माझं डोकं पुढं जायचं आणि ती हसायची. "जागे हा का नाई पाह्यलं," म्हणायची. हे सांगतोय कारण त्या दुपारी मला तसंच वाटलं.

त्या दुपारी ती चांगली चालवत होती. पहिल्या गिअरमध्ये, जरा रेस देऊन. पांदणीत बैलगाड्यांनी चाकोरी खोल पाडलेली आहे, चाकं तिच्यात बसली की स्टिअरिंगला फार काम नसतं. आम्ही पौर्णिमेचं बोलत होतो.

"विहारापुढं पोरं गोळा होतीन," ती म्हणाली.

"हॉर्न वाजव."

"विहारापुढं हॉर्न वाजवू काय? काई लाज हाये का नाई तुम्हाले?" मग म्हणाली, "पांढरी साडी नेसू ती पाइपात अडकते काय ते पाह्यलं पाह्यजे. उद्या नेसूनच बसतो."

"बस."

"आज लय उकडून राह्यलं."

"थंडीत? मी बंडी घालून बसलो अन् तुले उकडते?"

"तुमची काच खाली करा जराशी."

काच उतरवायची मूठ झिजलेली आहे, खाली वाकून दोन्ही हातांनी फिरवावी लागते. मी वाकलो. फिरवत होतो तेवढ्यात रेस उतरली. एकदम, झटका न देता, जशी मला हवी होती तशी. इंजिन खाली आलं आणि मंद, एकसारखं चालायला लागलं. मला आनंद झाला. काय खोटं सांगू, मला आनंद झाला.

"वा! कशी उतरली पाह्य!" मी म्हणालो. अजून काचेशीच झटत होतो.

ती बोलली नाही.

मी सरळ झालो आणि आधी समोर पाहिलं. वाटलं, बकरी आडवी आली असेल. समोर काही नव्हतं. गाडी चाकोरीतून बैलाच्या चालीनं चालली होती.

"काऊन सोडलं वं? कोन आलं आडवं?"

मी इंजिनाचा आवाज ऐकत होतो. कुठं अडखळतंय का, दोन्ही स्प्रिंगा पूर्ण ओढतात का. जन्माची सवय.

"जागाच हावो मी," मी म्हणालो. "नको मस्करी करू."

मग पाहिलं. तिचं डोकं दाराच्या काचेला टेकलं होतं. डोळे उघडे. उजवा हात पाइपावरून घसरून मांडीवर उताणा पडला होता. मी हाक मारली. खांदा हलवला तर डोकं काचेवरून खाली घसरलं. आणि गाडी चालतच होती. हे मला अजून कळत नाही. चालवणारं माणूस गेलं आणि गाडी चालत होती. ना डावीकडं, ना उजवीकडं, नीट रस्त्यातून.

मी चावी काढली. तेव्हा थांबली.

कापूस वेचणाऱ्या बायांनी नंतर मला सांगितलं की त्यांनी आम्हाला जाताना पाहिलं होतं. एकीनं तिला हात केला होता आणि "जय भीम मावशी" म्हटलं होतं. मावशी हसत नाहीत, आज रागात दिसतात, असं त्या आपसात बोलल्यासुद्धा. मी त्या बाईला विचारलं, तू हात केला तेव्हा गाडी जोरात होती का हळू? ती म्हणाली, हळूच होती. मग मी पुढं विचारलं नाही.

मी ओरडलो तेव्हा शेजारचा शेतकरी धावत आला. वडनेरचा डॉक्टर मोटरसायकलवर बसून तिथंच आला. त्यानं नळी लावली, डोळ्यात बॅटरी मारली आणि मान हलवली. हृदयाचा झटका, म्हणाला. साखरेच्या माणसाला छातीत दुखतंच असं नाही, घाम येतो, उकडतं, आणि संपतं.

मी त्याला विचारलं, "तिनं रेस सोडली का सुटली?"

"काय?"

"तिनं सोडली, का तिच्या हातून सुटली?"

त्याला मी काय विचारतोय ते कळेना. तो शेतकऱ्याकडं पाहायला लागला. शेतकरी म्हणाला, "बसा बाबा, पाणी घ्या." मला पाणी नको होतं. मला एवढंच पाहिजे होतं. तिला कळलं आणि तिनं गाडी भडकू नये म्हणून, मी शेजारी बसलो आहे म्हणून बोट उचललं, का काही कळायच्या आत हात गळाला? यंत्राला दोन्ही सारखंच. ते काही सांगत नाही. मीच तसं बनवलं होतं.

शेतकऱ्यानं बैलगाडीतला कापूस खाली काढला. चौघांनी तिला उचललं. गाडी पांदणीतच राहिली.

मुलगी पुण्याला असते. ती रेल्वेनं सकाळी नांदुऱ्याला उतरली आणि घरी आली तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. बाया पांढऱ्या साड्या नेसून बसल्या होत्या. मी भिंतीला टेकून होतो. लोक येत होते, हात जोडत होते, मीही जोडत होतो. मला रडू येत नव्हतं. डोकं ठोकलेल्या पत्र्यासारखं वाजत होतं.

तेवढ्यात शेजारचा शेतकरी आला आणि नुसताच उभा राहिला. मी म्हणालो, "काय हाये? बोल."

"कसं सांगू बाबा," तो म्हणाला. "गाडी पांदणीत हाये. स्मशानात जायचा रस्ता तोच."

पोरांनी सकाळीच ढकलून पाहिली होती. ढकलताना मागचं एक चाक चाकोरीतून निघालं आणि कडेच्या मऊ काळ्या मातीत रुतलं. आता इंजिनाशिवाय निघत नव्हती. एक पोरगं घरून चावी नेऊन चालवायला बसलं तर त्याला रेसच सापडेना. पाय मारून मारून थकलं. पायाजवळ काही नव्हतंच. पाइपाला जागा व्हावी म्हणून जुनं पायडल मी कधीच कापून काढलं होतं.

"ट्रॅक्टर लावतो," शेतकरी म्हणाला. "तुम्ही बसा."

"ट्रॅक्टरनं बंपर उपटून निघंन. मी येतो."

एक म्हातारा म्हणाला, अशा वेळी घरधन्यानं उठू नये. दुसरा म्हणाला, उठेल तर काय होतं? मुलगी आईच्या उशाशी बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "जाऊ द्या बाबाले. दुसऱ्या कोनाले ती चालवता येत नाई."

खरी गोष्ट अशी की मलाही येत नव्हती. पाइप लावल्यापासून त्या सीटवर मी एकदाही बसलो नव्हतो. तपासायचं ते बोनेटपाशी उभं राहून किंवा डाव्या बाजूला बसून. सीट तिच्या मापानं पुढं ओढलेली, माझे गुडघे स्टिअरिंगला लागले. पोरं मागं ढकलायला उभी राहिली. मी चावी फिरवली, गिअर टाकला आणि त्या पट्टीवर बोट ठेवलं.

ठेवलं एवढंच. दाबलं नाही. इंजिन भडकलं, मागचं चाक गरगर फिरलं आणि काळी माती पोरांच्या अंगावर उडाली.

"बाबा, हळू! आमाले गाडता काय इथंच?"

मी बोट उचललं. इतकं हलकं ते मी केलं होतं, हे मला माहीतच नव्हतं. ती म्हणायची, अजून हलकं करा, अजून. मी मोटर बदलत होतो, कॉम्प्युटरवाला हिरव्या पट्टीतला हिशोब बदलत होता, आणि हातानं मी ते कधी पाहिलंच नाही. माझं बोट पान्यानं जाड झालेलं, त्याला त्या पट्टीचा अंदाजच येईना. दुसऱ्यांदाही भडकलं. तिसऱ्यांदा मी तर्जनी सोडून करंगळी लावली. तेव्हा इंजिनानं हळूच ओढ घेतली. पोरांनी रेटा दिला आणि चाक मातीतून वर आलं.

पुढं जाऊन गाडी कुठं घ्यायची? दोन्ही बाजूंना कपाशी. शेतकऱ्यानं काटेरी कुंपण बाजूला केलं आणि हात करून मला आत बोलावलं.

"कपाशी मोडंन," मी म्हणालो.

"मोडू द्या बाबा. या."

मी गाडी त्याच्या कपाशीत घातली. झाडं बोनेटखाली आडवी झाली. पार आत, बांधापासून लांब नेली आणि चावी काढली. उतरून पांदणीत परत आलो तर चाकानं जिथं माती उकरली होती तिथं गुडघाभर खड्डा पडला होता. खांदा देणारे त्यात पाय घालतील. मी शेतकऱ्याच्या हातातून फावडं घेतलं. पोरं म्हणाली, द्या, आम्ही करतो. मी दिलं नाही. खड्डा भरला, पायानं दाबला, वर उभा राहून पाहिलं. रस्ता झाला.

मग आम्ही तिला आणायला घरी गेलो.